शाळेचे दार उघडे राहावे म्हणून

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात शाळेविषयीचा लेख पाहून काही वाचकांना आश्चर्य वाटेल. परंतु तानसा परिसरात, म्हणजेच शहापूर व मुरबाड तालुक्यांतील वाड्या-पाड्यांत, शाळा आणि आरोग्य यांची ताटातूट करता येत नाही. दुपारचा पोषण आहार, आठवड्याची लोहाची गोळी, जंतनाशक औषध, डोळे-दात-हृदयाची वार्षिक तपासणी या साऱ्या गोष्टी मुलापर्यंत शाळेच्या वाटेनेच पोहोचतात. साथीच्या काळात शाळा बंद होते तेव्हा आरोग्यसेवेचेही एक दार बंद होते. म्हणूनच साथ असताना शाळा सुरक्षितपणे चालू कशी ठेवावी, हा वैद्यकीय प्रश्नही आहे. कोविड-१९ च्या अनुभवातून त्याविषयी जे उमगले, ते देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे कुटुंबीय यांच्यापुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

बंद शाळेचा हिशेब

मार्च २०२० च्या मध्यास राज्यातील शाळा बंद झाल्या. नववी ते बारावीचे वर्ग सुरू करण्यास २३ नोव्हेंबर २०२० पासून व पाचवी ते आठवीच्या वर्गांस २७ जानेवारी २०२१ पासून मुभा मिळाली. पण स्थानिक परिस्थितीनुसार ठिकठिकाणी निर्णय वेगळे झाले आणि थोड्याच दिवसांत दुसरी लाट आली. १५ जुलै २०२१ पासून कोविडमुक्त गावांत आठवी ते बारावी, ४ ऑक्टोबर २०२१ पासून ग्रामीण भागात पाचवी ते बारावी आणि १ डिसेंबर २०२१ पासून पहिली ते चौथी, असा पुढचा क्रम होता. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनमुळे शाळा पुन्हा बंद झाल्या व २४ जानेवारीपासून स्थानिक स्थिती पाहून उघडू लागल्या.

या तारखांमागचे मूल डोळ्यांसमोर आणावे. जून २०२० मध्ये पहिलीत नाव दाखल झालेले मूल प्रथम वर्गात बसले, तेव्हा दुसरीचे अर्धे वर्ष सरले होते. सर्वांत लहान मुलांना सर्वांत शेवटी शाळा मिळाली. अक्षरओळखीचे वय त्यांचेच, आणि मोबाइलच्या पडद्यावरून शिकणे सर्वांत अवघडही त्यांनाच.

ज्या पाड्यावर मोबाइलची रेंज शोधत टेकडी चढावी लागते, तेथे ऑनलाइन शिक्षणाचा फारसा उपयोग नव्हता. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रासह १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील वंचित वस्त्यांत झालेल्या पाहणीत ग्रामीण मुलांपैकी केवळ ८ टक्के मुले नियमित ऑनलाइन शिकत होती. ३७ टक्के मुले मुळीच शिकत नव्हती. ‘असर’च्या ग्रामीण पाहणीनुसार, दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीतील मुलांचे देशातील प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते, ते २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आले.

आपल्या भागात याला आणखी एक पदर आहे. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्टीच्या कामासाठी गाव सोडतात. शाळा चालू असेल, हंगामी वसतिगृह असेल, तर मूल मागे राहू शकते. शाळा बंद असेल तर ते आईवडिलांबरोबर भट्टीवर जाते, आणि एकदा विटा वाहू लागलेले मूल परत आणणे कठीण होते. पोषण आहाराचेही तसेच. प्राथमिक वर्गातील मुलाला त्यातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण ठरलेले आहे. बंदच्या काळात तांदूळ व कडधान्ये घरपोच देण्याची व्यवस्था झाली, ती आवश्यकच होती. पण घरी गेलेला शिधा साऱ्या कुटुंबात वाटला जातो. शाळेतील ताट मात्र त्या मुलाचे असते.

शाळा बंद ठेवून संसर्ग टळला काय?

आरंभी शाळा बंद करणे चूक होते, असे म्हणता येणार नाही. रोग नवा होता, लस नव्हती आणि मुलांपासून घरातील वृद्धांना बाधा होण्याची भीती रास्त होती. तथापि जून-जुलै २०२१ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने केलेल्या चौथ्या राष्ट्रीय रक्तद्रव्य पाहणीत ६ ते ९ वयोगटातील ५७.२ टक्के आणि १० ते १७ वयोगटातील ६१.६ टक्के मुलांच्या रक्तात कोविडविरोधी प्रतिपिंडे आढळली. त्या वेळी मुलांना लस सुरू झालेली नव्हती. म्हणजे शाळा बहुतांशी बंद असतानाच निम्म्याहून अधिक मुलांना संसर्ग होऊन गेला होता. मूल शाळेत गेले नाही तरी बाजारात, लग्नकार्यात, शेजारच्या ओटीवर जातच होते.

दुसरीकडे, डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० रोजीच लहान मुलांच्या शाळा उघडल्या. छोटे ठरावीक गट, उघड्यावरचे वर्ग आणि वारंवार हात धुणे, ही त्यांची प्रमुख साधने होती. त्या देशाची साधनसंपत्ती आपल्याकडे नाही, हे खरे. पण यांपैकी कोणतीही गोष्ट फार खर्चाची नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. कोविड-१९ हा बहुसंख्य मुलांत सौम्य राहिला. पुढची साथ तशीच असेल असे नाही. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातील पहिला बळी पुण्यातील एक शाळकरी मुलगी होती. म्हणून साथ कोणत्या वयाला किती ग्रासते, हे पाहूनच निर्णय व्हावा. शाळा सर्वांत आधी बंद आणि सर्वांत शेवटी सुरू, हा सरधोपट क्रम पुन्हा होऊ नये.

पहिले औषध : मोकळी हवा

आरंभीच्या काळात बाके पुसणे, फवारणी, जंतुनाशक द्रावणे यांवर पुष्कळ भर होता. पुढे स्पष्ट झाले की हा विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो. बाधित व्यक्ती बोलते, गाते, खोकते तेव्हा बाहेर पडणारे सूक्ष्म कण बंद खोलीत धुरासारखे तरंगत राहतात. चुलीचा धूर जसा खिडकी उघडताच विरतो, तसेच हे कणही विरतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने मे २०२३ मध्ये वापरातील खोलीची हवा ताशी किमान पाच वेळा बदलली जावी, असे उद्दिष्ट सुचविले. समोरासमोरच्या खिडक्या व दार उघडे असलेल्या खोलीत थोडा वारा असला तरी हे सहज साधू शकते.

आपल्याकडे अडचण येते ती पावसाची. शाळा उघडते जूनच्या मध्यास, आणि त्याच सुमारास शहापूर-मुरबाडचा पाऊस सुरू होतो. झड आत येऊ नये म्हणून खिडक्या लावल्या जातात आणि ओल्या कपड्यांतील मुले एका सतरंजीवर दाटीने बसतात. ज्या महिन्यांत हवा खेळती हवी, नेमक्या त्याच महिन्यांत ती कोंडते. त्यावरचे उपाय गवंडी-सुताराच्या आवाक्यातील आहेत: खिडकीवर पुढे आलेले छज्जे, छताजवळ जाळी लावलेले झरोके, वऱ्हांड्यावर वाढीव पत्रा आणि वीज असेल तेथे हवा बाहेर फेकणारा पंखा. पावसाळा संपला की वर्ग वऱ्हांड्यात किंवा झाडाखाली भरविता येतो. जेवणाच्या वेळी मुखपट्टी निघते, म्हणून जेवण तरी उघड्यावरच व्हावे.

मुखपट्टीबाबतही तारतम्य असावे. पाच वर्षे व त्याखालील मुलांना तिची सक्ती करू नये आणि बारा वर्षांवरील मुलांनी मोठ्यांप्रमाणे वापरावी, असे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफने ऑगस्ट २०२० मध्ये सांगितले. मधल्या वयात संसर्गाचे प्रमाण आणि मुलाला ती नीट वापरता येते की नाही, हे पाहावयाचे.

हात धुण्याचे महत्त्व अतिसार, कावीळ, विषमज्वर यांसाठी कायमच आहे. पण त्यासाठी शाळेत पाणी हवे. तानसा, भातसा, वैतरणा यांचे पाणी मुंबईची तहान भागविते. त्याच शहापूर तालुक्यातील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. नळ नसलेल्या शाळेच्या भिंतीवर हात धुण्याची सूचना रंगविणे पुरेसे नाही.

आजारी मूल घरी, निरोगी मूल शाळेत

दुसरी गोष्ट हजेरीपटाशी निगडित आहे. ताप, खोकला, जुलाब असलेल्या मुलाने घरी राहावे, हा साधा नियम पाळला जात नाही याची कारणेही साधीच आहेत. आईवडील मजुरीला जातात, घरी पाहणारे कोणी नसते, शाळेत जेवण मिळते आणि गैरहजेरीची धास्ती असते. म्हणून आजारी मुलाची गैरहजेरी त्याच्या विरोधात धरली जाऊ नये, त्याचा आहार घरी पोहोचावा आणि त्याच दिवशी आशा कार्यकर्तीने त्याला पाहावे. एकाच वर्गातील तीन-चार मुले एका आठवड्यात तापाने गैरहजर राहिली, तर साथीची ती पहिली सूचना होय. मुख्याध्यापकांनी ती प्राथमिक आरोग्य केंद्रास त्याच दिवशी कळविल्यास एका वर्गापुरता उपाय पुरतो. साऱ्या शाळेला कुलूप लावावे लागत नाही.

तिसरी गोष्ट मोठ्यांचे लसीकरण. या भागातील पुष्कळ शिक्षक कल्याण, बदलापूर अशा शहरांतून ये-जा करतात. शिक्षक, स्वयंपाकी-मदतनीस आणि घरातील आजी-आजोबा लसवंत असतील, तर मुलाने घरी आणलेल्या संसर्गाचे गंभीर दुखणे होण्याची शक्यता पुष्कळ कमी होते.

आश्रमशाळांचा प्रश्न वेगळा आहे. तेथे मुले वर्गात एकत्र असतात, तशी रात्रीही एका खोलीत झोपतात. डिसेंबर २०२१ मध्ये पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वरच्या नवोदय विद्यालयात पन्नासच्या आसपास विद्यार्थी बाधित आढळले. निवासी शाळेत संसर्ग किती झपाट्याने फिरतो हे त्यातून दिसले. अशा ठिकाणी झोपण्याच्या जागांत अंतर, रात्री उघडे झरोके, आजारी मुलांसाठी स्वतंत्र खोली व काळजीवाहू व्यक्ती यांची तरतूद साथ येण्यापूर्वीच हवी. बाधित मुलांना घाईने घरी धाडले, तर संसर्ग त्यांच्याबरोबर पाड्यापाड्यावर पोहोचतो.

निर्णय कोणी घ्यावा?

जुलै २०२१ च्या शासन निर्णयाने एक चांगला पायंडा पाडला. गावात महिनाभर रुग्ण नसल्यास सरपंचांच्या अध्यक्षतेखालील समितीने, पालकांशी चर्चा करून, शाळेबाबत ठराव करावा असे ठरले. या समितीत मुख्याध्यापक आणि वैद्यकीय अधिकारी एकत्र बसतात, ही त्यातील मोलाची बाब. डोंगराआडच्या पाड्याची स्थिती ठाणे शहरापेक्षा वेगळी असू शकते, हे त्यात मान्य केलेले होते. ही समिती साथीपुरती न राहता दर वर्षी जूनमध्ये एकदा बसावी आणि खिडक्या, पाणी, लसीकरण, आजारी मुलांची व्यवस्था व वर्ग बंद करण्याची कसोटी, या पाच गोष्टी लिहून ठेवाव्यात. घबराटीत केलेल्या नियमांपेक्षा शांतपणी केलेले नियम अधिक टिकतात.

मूलच शाळेपर्यंत येऊ शकत नसेल, तर शाळा त्याच्यापर्यंत नेता येते, हेही ठाणे जिल्ह्याने पूर्वी दाखविले आहे. विधायक संसद या संस्थेने १९९० च्या दशकात वीटभट्ट्यांवर भोंगा शाळा चालविल्या. वर्ग भरविण्यासाठी इमारतच लागते असे नाही. सावली, फळा आणि शिकविणारे माणूस पुरते.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे घोषित केले. पुढची साथ केव्हा येईल ते सांगता येत नाही. ती येईल हे मात्र धरून चालावे. धर्मादाय रुग्णालयास अतिदक्षता खाट जशी मिळवावी लागते, तशीच परिसरातील शाळेच्या भिंतीतील एक खिडकी उघडून घेणे हेही त्याचे काम आहे. खाट आजारी पडलेल्या एकाच्या उपयोगी येते. खिडकी त्या वर्गात वर्षानुवर्षे बसणाऱ्या प्रत्येक मुलाच्या. आपण दिलेल्या देणगीचा विनियोग कोठे व्हावा याचा विचार करताना हितचिंतकांनी हाही पर्याय ध्यानात ठेवावा, ही नम्र विनंती.