किल्लारीच्या गोठ्यापर्यंत काय पोहोचतं?

1993च्या भूकंपानंतर किल्लारीची घरं नव्या जागी उभी राहिली, पण बरीचशी शेती पावसाच्याच भरवशावर राहिली. किल्लारीच्या या औसा तालुक्यात दुधाचा रोजचा पैसा फार मोलाचा असतो.

विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्याला सप्टेंबर 2024मध्ये मंजुरी मिळाली. सुमारे 149 कोटी रुपये, 19 जिल्हे. लातूर, नांदेड त्यातच. जादा दूध देणाऱ्या गाई-म्हशींसाठी आणि कडबाकुट्टीसाठी 50 टक्के अनुदान आहे. मला त्यातला चाऱ्याचा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उन्हाळ्यात मुरघास नसेल तर नवी गाय नफा नव्हे, कर्जच वाढवते.

दर कोसळले तेव्हा राज्याने गाईच्या दुधाला थेट अनुदान दिलं: जानेवारी 2024मध्ये लिटरला 5 रुपये, ऑक्टोबरपासून 7. ऑक्टोबरमध्ये दूध संघाने 28 द्यायचे, मिळून 35. हा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफच्या (स्निग्धेतर घन पदार्थांच्या) दुधासाठी होता. अट अशी होती, की जनावराच्या कानात ओळखीचा बिल्ला हवा आणि पैसे बँक खात्यातच. म्हशीचं दूध मात्र वगळलं. एकच म्हैस पाळणाऱ्या घरांवर हा अन्यायच झाला.

आणि गाय निवडायचीच तर देवणी आणि लाल कंधारी या इथल्याच गाई आहेत. दूध कमी, पण ऊन सोसतात.