हॉटेलातील ‘तो’ एक मीटर अपुरा का पडला?

कोरोनाच्या टाळेबंदीनंतर ५ ऑक्टोबर २०२० रोजी महाराष्ट्रातील उपाहारगृहांची दारे पुन्हा उघडली, ती निम्म्या आसनक्षमतेच्या अटीवर. दारात ताप मोजणे, टेबलावर सॅनिटायझर, दोन टेबलांत एक मीटर अंतर, तोंडावर मास्क, अशी नियमावली ठिकठिकाणी लागू झाली. १ एप्रिल २०२२ पासून राज्यातील निर्बंध उठले. मात्र, या नियमांपैकी नेमके कोणते उपयोगी होते, हा प्रश्न पुढील साथीच्या दृष्टीने आजही महत्त्वाचा आहे.

या प्रश्नाचे उत्तर चीनमधील ग्वांगझू शहरातील एका उपाहारगृहात सापडते. २४ जानेवारी २०२० रोजी तेथे शेजारशेजारच्या तीन टेबलांवर तीन कुटुंबे दुपारचे जेवण घेत होती. त्यांतील एक कुटुंब आदल्याच दिवशी वुहानहून आले होते. टेबलांमध्ये सुमारे एक मीटर अंतर होते. तरीही पुढील काही दिवसांत या तीन कुटुंबांतील मिळून दहा जण बाधित आढळले. त्या मजल्यावर जेवलेल्या उर्वरित ७३ ग्राहकांना व आठ कर्मचाऱ्यांना मात्र लागण झाली नाही.

असे का व्हावे? त्या दालनाला खिडक्या नव्हत्या. वातानुकूलन यंत्र तीच हवा त्या तीन टेबलांभोवती खेळवत राहिले. नंतरच्या मोजणीत तेथे माणशी सेकंदाला जेमतेम एक लिटर ताजी हवा मिळत असल्याचे दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये सुचविलेले किमान प्रमाण दहा लिटर आहे.

या तुलनेत टेबले पुन्हापुन्हा पुसण्याचा लाभ मर्यादित ठरला. पृष्ठभागाच्या एका स्पर्शातून लागण होण्याची शक्यता साधारणतः दहा हजारांत एकाहूनही कमी असल्याचे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये स्पष्ट केले. अर्थात, अन्नातून व अस्वच्छ हातांतून पसरणारे इतर रोग टाळण्यासाठी स्वच्छता अनिवार्यच आहे. तापमापकालाही मर्यादा होती. लक्षणे नसलेला बाधित त्यातून सहज निसटत असे. शिवाय जेवताना मास्क उतरवावाच लागतो. साहजिकच भिस्त उरते ती हवेवर.

खिडक्या उघड्या ठेवणे, हवा बाहेर फेकणारे पंखे सुरू राखणे आणि शक्य तेथे मोकळ्या जागेत टेबले मांडणे हे उपाय लहान हॉटेलमालकालाही परवडणारे आहेत.

आणखी एक बाब दुर्लक्षित राहते. रोजंदारीवरील वेटरला आजारपणात घरी थांबल्यास मजुरी बुडण्याची धास्ती असते, त्यामुळे तो अंगात ताप असतानाही कामावर येतो. त्याला भरपगारी सुटी मिळाली, तर ग्राहक आणि भटारखाना दोघेही अधिक सुरक्षित राहतील. नियमांचा फलक भिंतीवर लावणे सोपे असते. भिंतीतील खिडकी उघडणे आणि आजारी कामगाराला घरी पाठविणे यातच नियमांचे खरे पालन आहे.