ड्रेड स्कॉटचा खटला वर्गात चालवू या

गुलामगिरीचा धडा वर्गात वाचला जातो, सनावळ्या पाठ होतात. परंतु कायद्यानेच माणसाला मालमत्ता कसे ठरविले, हे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसत नाही. त्यासाठी एखादा जुना खटला वर्गात पुन्हा चालविणे हा उत्तम उपाय होय. आपल्या अभ्यासवर्गांसाठी आम्ही अमेरिकेतील ड्रेड स्कॉटचा खटला सुचवितो.

स्कॉट हा मिसुरी राज्यातील गुलाम. त्याचा मालक डॉ. इमर्सन लष्करात होता. त्याने स्कॉटला इलिनॉय राज्यात व पुढे विस्कॉन्सिन प्रदेशात नेऊन ठेवले. दोन्ही ठिकाणी गुलामगिरीस बंदी होती. मुक्त भूमीवर राहिल्याने आपण मुक्त झालो, असा दावा स्कॉट व त्याची पत्नी हॅरिएट यांनी १८४६ साली सेंट लुईस येथे लावला. १८५० मध्ये ते जिंकले; १८५२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरविला. नंतर संघराज्याच्या न्यायालयात दुसरा दावा झाला व तो देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

वर्गात नऊ विद्यार्थी न्यायाधीश व्हावेत, दोन्ही बाजूंना दोन-दोन वकील असावेत. मालकाच्या वकिलांनीही मालमत्तेच्या हक्काचा मुद्दा मनापासून मांडावा. अन्याय किती सभ्य भाषेत बोलतो, ते त्यातूनच कळते. मात्र लिलाव, चाबूक, साखळदंड यांचा अभिनय कटाक्षाने टाळावा. अपमानाचा खेळ होऊ नये, आणि अशी भूमिका वर्गातील एखाद्या बुजऱ्या मुलाच्या माथी मारली जाऊ नये. स्कॉटच्या नावाची खुर्ची रिकामी ठेवावी.

मुले बहुधा स्कॉटला मुक्त करतील. मग शिक्षकांनी खरा निकाल सांगावा. ६ मार्च १८५७ रोजी ७ विरुद्ध २ मतांनी स्कॉट हरला. सरन्यायाधीश टॅनी यांच्या मते आफ्रिकी वंशाचा मनुष्य देशाचा नागरिकच नव्हे. म्हणून त्याला त्या न्यायालयात दावा लावण्याचा अधिकार नाही. न्यायमूर्ती कर्टिस यांनी विरोधी मत देताना दाखविले की, देशाच्या आरंभीच पाच राज्यांत मुक्त कृष्णवर्णीयांना मतदानाचा हक्क होता. पुरावा समोर असूनही सात विद्वान चुकले कसे? नऊपैकी पाच न्यायाधीश गुलामगिरी चालणाऱ्या राज्यांतले होते. खरी चर्चा येथून सुरू व्हावी.

त्याच वर्षी मे महिन्यात नव्या मालकाने स्कॉट कुटुंबास मुक्त केले. १८५८ मध्ये स्कॉट वारला. १८६५ च्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली, १८६८ च्या दुरुस्तीने नागरिकत्व मिळाले.

विद्यार्थी मित्रांनो, स्कॉटला न्यायालयाच्या दारातच अडविले गेले. आपल्या संविधानाचे कलम २३ वेठबिगारीस मनाई करते आणि कलम ३२ मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क देते. या कलमाला बाबासाहेबांनी संविधानाचा आत्मा का म्हटले, हे त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून समजेल.