डेस्कटॉप प्रणालीतील पुनर्वापरयोग्य फॉर्म कंट्रोल : विद्यार्थ्याच्या नावाच्या रकान्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
कोंढ्यासारख्या ग्रामीण भागातील महाविद्यालयाच्या कार्यालयात एकाच विद्यार्थ्याचे नाव प्रवेश अर्ज, शुल्क पावती, ग्रंथालय, बोनाफाईड आणि टी.सी. अशा अनेक ठिकाणी संगणकात भरले जाते. प्रणाली तयार करताना प्रत्येक फॉर्मवर नव्याने टेक्स्टबॉक्स मांडून तपासणीचा कोड एका फॉर्ममधून दुसऱ्यात उतरविण्याची पद्धत सर्रास आढळते. नियम बदलला की चार फॉर्म दुरुस्त होतात, पाचवा राहतो आणि एकाच विद्यार्थ्याची दोन नावे दप्तरी लागतात. अशी तफावत पुढे शिष्यवृत्तीच्या छाननीत विद्यार्थ्यालाच भोवते. यावरील उपाय म्हणजे पुनर्वापरयोग्य कंट्रोल होय.

पार्श्वभूमी :
१९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिक आले, तेव्हा तयार कंट्रोल फॉर्मवर ओढून ठेवता येत असे. नवे कंट्रोल घडविण्यासाठी मात्र सी भाषेची कास धरावी लागे. १९९७ च्या पाचव्या आवृत्तीने ही सोय व्हिज्युअल बेसिकमध्येच दिली. २००२ मध्ये डॉटनेटसोबत आलेल्या विंडोज फॉर्म्समधील 'यूजरकंट्रोल' हा वर्ग तीच कल्पना पुढे नेतो.

नावाचे कंट्रोल :
राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेत आडनाव प्रथम येते व आईचे नाव स्वतंत्र असते. मार्च २०२४ मधील महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांचे नाव शासकीय दस्तऐवजांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव या क्रमाने लिहावयाचे आहे. विवाहित स्त्रिया व अनाथ बालके यांच्यासाठीच्या तरतुदी वेगळ्या आहेत. ही मुले महाविद्यालयात येण्यास २०४२ च्या आसपासचा काळ उजाडेल, शाळांत मात्र पुष्कळ आधी. म्हणजे दोन्ही पद्धती दीर्घकाळ शेजारी नांदणार आहेत.

चार टेक्स्टबॉक्स एका चौकटीत बसविले म्हणजे कंट्रोल पुनर्वापरयोग्य झाले, असे समजणे योग्य नाही. क्रम ठरविण्याचा नियम त्याच्या आत असला पाहिजे. फॉर्मने जन्मतारीख हा गुणधर्म पुरवावा. कंट्रोलने त्यावरून क्रम ठरवून पूर्ण नाव परत द्यावे आणि नाव बदलल्यास त्याची सूचना देणारी घटना उत्पन्न करावी. नोंद कोणत्या तक्त्यात साठवावयाची, हे मात्र कंट्रोलला ठाऊक असता कामा नये. माहितीसाठ्याशी जोडलेले कंट्रोल प्रवेशाच्या फॉर्मवर चालते आणि ग्रंथालयाच्या फॉर्मवर अडते.

देवनागरीचा प्रश्न :
व्हिज्युअल बेसिक ६ मधील मूळ टेक्स्टबॉक्स युनिकोड देवनागरी दाखवीत नसे. तेथे प्रश्नचिन्हे उमटत. त्यामुळे कृतिदेवसारख्या फॉन्टवर भागविले जाई. डॉटनेटमध्ये ती अडचण उरली नाही, परंतु दुसरी उद्भवते. नावात केवळ अक्षरेच असावीत म्हणून 'इजलेटर' ही तपासणी लावल्यास 'र' व 'म' स्वीकारले जातात, पण 'राम' मधील काना नाकारला जातो. कारण युनिकोडमध्ये मात्रा व हलन्त ही अक्षरे नसून चिन्हे गणली जातात. लांबीचेही तसेच आहे. 'क्षितिज' हे डोळ्यांना तीन अक्षरी दिसते, संगणकाच्या मोजणीत ते सात घटकांचे आहे. इंग्रजी नावांच्या अंदाजाने मर्यादा घातली तर मराठी नाव मध्येच तुटते. ही जाण एकदा कंट्रोलमध्ये उतरली की प्रत्येक फॉर्म लिहिणाऱ्याला ती नव्याने मिळवावी लागत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते ग्रामीण महाविद्यालयांसाठी पुनर्वापराचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे. टंकनाचे श्रम वाचणे ही त्यामानाने किरकोळ बाब.

मर्यादा :
कंट्रोलमधील चूकही तितक्याच वेगाने सर्व फॉर्मवर पोहोचते. म्हणून डीएलएल बदलण्यापूर्वी एका रिकाम्या फॉर्मवर जोडाक्षरे असलेली, वडिलांचे नाव नसलेली, आडनाव न लावणारी अशी नावे भरून पाहावीत. तसेच प्रत्येक विभागाच्या मागणीसाठी एकेक गुणधर्म वाढवीत नेल्यास कंट्रोल इतके अवजड होते की नवा प्राध्यापक ते बाजूला सारून पुन्हा साधे टेक्स्टबॉक्सच मांडतो. पावतीवर केवळ नाव छापावयाचे असेल, तर तेथे लेबल पुरेसे आहे.