ट्रॉलीतली औषधाची पिशवी
ऊसतोडीला निघालेल्या माणसाच्या चालू उपचारांविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

दिवाळीच्या आगेमागे धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब, वाशी, भूम, परंडा भागातून ट्रॅक्टर निघतात. मागच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, ज्वारी-बाजरीची पोती, कोपीची म्हणजे फडावरच्या झोपडीची ताडपत्री, सरपण, एखादी शेळी आणि वर बसलेली लेकरं. पुढचे पाच-सहा महिने हा संसार सोलापूर, सांगली, कोल्हापूर नाहीतर बेळगाव-बागलकोटकडे एका फडावरून दुसऱ्या फडावर हलत राहतो. एवढं सगळं आठवणीनं भरलं जातं आणि चालू उपचारांची फाईल घरातल्या कोनाड्यात राहते. यामागं विसराळूपणा थोडा असतो, चुकीचे समज जास्त.

‘कष्टाच्या शरीराला कसली शुगर न् कसलं बीपी?’ हा त्यातला सगळ्यात जुना. अंगमेहनतीनं मधुमेहाचा धोका कमी होतो, संपत नाही. रक्तदाबाचं तर आणखी अवघड. घराण्यातला आजार, खारट खाणं, तंबाखू, मिसरी, अपुरी झोप हे सगळं कोयता चालवणाऱ्यालाही असतंच, आणि वाढलेला रक्तदाब बहुतेकांना जाणवत नाही. म्हणून ‘बरं वाटतंय, गोळी बंद केली’ हे गणित फसतं. रक्तदाब आटोक्यात असतो तो गोळीमुळं.

हेच गणित टीबीत जिवावर बेततं. साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, सगळी रोज. दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, वजन वाढतं. तेवढ्यात मुकादमाचा निरोप येतो आणि गोळ्या सुटतात. अर्धवट औषधातून वाचलेले जंतू मग त्याच औषधाला दाद देईनासे होतात. तो टीबी बरा करणं फार कठीण होतं, आणि कोपीत शेजारी झोपलेल्या लेकरालाही तोच लागू शकतो.

‘नाव कळंबला लागलंय, म्हणजे गोळी कळंबलाच मिळणार’ हेही खरं नाही. टीबीच्या रुग्णांची नोंद ‘निक्षय’ या देशभराच्या एकाच यंत्रणेत होते आणि प्रत्येकाला एक निक्षय क्रमांक मिळतो. निघण्यापूर्वी आशाताईला किंवा टीबीच्या पर्यवेक्षकाला कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या कारखान्यावर जाणार ते सांगितलं, की नोंद तिकडच्या केंद्राकडे वर्ग करता येते. मधल्या दिवसांच्या गोळ्या हातात मागून घ्याव्यात. कर्नाटकात गेलं तरी हीच पद्धत. पोषण आहाराचे महिन्याला १,००० रुपये (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५००) बँक खात्यात येतात, त्यामुळं जागा बदलली म्हणून ते बुडायचं कारण नाही. आणखी एक भीती इथंच दूर करावी. गोळ्या सुरू झाल्यावर लघवी केशरी-लालसर होते. ते रक्त नसतं, रिफाम्पिसिन या औषधाचा रंग असतो. डोळे पिवळे पडले, उलट्या सुरू झाल्या, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

बीपी-शुगरच्या गोळ्यांना असा देशभराचा क्रमांक लागत नाही, पण गरजही पडत नाही. ‘परक्या गावचा दवाखाना आपल्याला विचारणार नाही’ असं समजून लोक खासगीत जातात नाहीतर गोळीच सोडतात. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात कुठल्याही गावच्या माणसाला तपासतात. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तिथं दाखवायला हवी फक्त जुनी चिठ्ठी. चिठ्ठी नसेल तर गोळीचं रिकामं पाकीट तरी हवं, कारण ‘पांढरी, बारकी गोळी’ एवढ्यावर कुणीही डॉक्टर औषध ओळखू शकत नाही. निघण्याआधी चिठ्ठीचा फोटो नवरा-बायको दोघांच्याही मोबाईलमध्ये काढून ठेवावा.

शुगरच्या बाबतीत फडावरचा दिनक्रमच धोक्याचा आहे. पहाटे चारला कोपीतून निघायचं, गोळी घ्यायची आणि भाकरी नऊ-दहाला. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेऊन उपाशीपोटी मोळ्या वाहिल्या की साखर एकदम खाली येते. दरदरून घाम, हातापायांना कंप, डोळ्यांपुढं अंधारी, बरळणं. सोबतचे म्हणतात, ऊन लागलं, नाहीतर रात्रीची उतरली नाही. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यायची आणि मागून भाकरी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता १०८ ला फोन. हाताशी ऊस असला तरी तो सोलून चघळण्यात वेळ जातो, म्हणून साखरेची पुडी कमरेला असलेली बरी. गोळी कधी घ्यायची हे ठरवण्यासाठी डॉक्टरांना कामाची आणि जेवणाची खरी वेळ सांगा. एक डोस चुकला म्हणून दुसऱ्या वेळी दोन घेऊ नका. आणि रोज संध्याकाळी पाय तपासा. शुगरनं पाय बधिर झालेले असतील तर तोडलेल्या उसाच्या बुडख्यानं कापलेलं कळतच नाही, आणि जखम चिघळल्यावर पहिल्यांदा दिसते.

‘सलाईन लावलं की हंगामभर ताकद राहते’ हा आणखी एक समज. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्धा लिटर बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. एका भाकरीइतकीही ऊर्जा त्यात नाही. शुगरच्या माणसाला ती बाटली उलट त्रासाची. उलटी-जुलाबानं तोंडावाटे काहीच टिकत नसेल तेव्हा सलाईन जीव वाचवतं, थकव्यावर मात्र ते औषध नाही. दुखण्यावरच्या गोळ्या तर त्याहून घातक. डायक्लोफिनॅकसारखी गोळी रोज रोज घेतली की रक्तदाब चढतो आणि पाणी कमी पडलेल्या शरीरात मूत्रपिंडावर घाव बसतो. एल साल्वाडोर, निकाराग्वात उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या तरुण मजुरांची मूत्रपिंडं शुगर-बीपी नसतानाही निकामी झाली. त्यात उष्णता आणि पाण्याची कमतरता हे मोठं कारण मानलं जातं. तिथं आता पाणी, सावली, विश्रांती हा कामाचाच भाग करण्याचे प्रयत्न चालू आहेत.

या सगळ्या समजांमागं मला एकच ओढ दिसते: एकदाचं काय ते करून टाकावं. खाडा पडला की पैसे कापले जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यामुळं एकाच्या आजारपणात दुसऱ्याचाही दिवस बुडतो. मग पुन्हा तपासायला या, असं सांगणारा डॉक्टर परवडत नाही. याची सगळ्यात मोठी किंमत बायकांनी मोजली. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. अंगावरून पांढरं जाणं, पाळीच्या तक्रारी यांतल्या कितीतरी गोळ्यांनी बऱ्या होतात. गर्भाशय काढलं की कटकट संपते, हा समज साफ खोटा आहे. सोबत बीजकोषही काढले तर तिशीतच रजोनिवृत्ती येते, हाडं ठिसूळ होऊ लागतात, आणि उपचारांची गरज आयुष्यभर मागं लागते. कुणी गर्भाशय काढायला सांगितलं तर सरकारी रुग्णालयात दुसरं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये, असं मी प्रत्येक बाईला कळकळीनं सांगेन.

योजनेच्या कार्डाबद्दल थोडक्यात. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत ५ लाखांपर्यंतचं संरक्षण असतं, ते मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन करायच्या उपचारांचं. मेडिकलमधून आणायची रोजची गोळी त्यात बसत नाही. परराज्यात चालतं ते आयुष्मान कार्ड, तेही योजनेत नोंदलेल्या रुग्णालयात. योजनेसाठी लागणारं रेशनकार्ड गावाकडं ठेवून जाऊ नका.

सोलापूर-धुळे महामार्गावर तुळजापूर, येडशीवरून गाड्या नेणाऱ्या आणि केबिनमध्येच झोपणाऱ्या चालकांना, तसंच कोपीत राहणाऱ्यांनाही पडणारा प्रश्न इन्शुलिनचा. ‘फ्रीज नाही म्हणजे इन्शुलिन नाही’ असं नसतं. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची. वापरात असलेली मात्र सावलीच्या, थंड जागी साधारण चार आठवडे टिकते. ओल्या कापडानं गुंडाळलेल्या माठात कोरड्या डब्यात ठेवली तरी चालते. उन्हात बंद उभ्या केबिनमध्ये, डॅशबोर्डवर किंवा बर्फाला चिकटवून ठेवली तर ती वाया जाते.

१०८ ची गाडी फुकट असते, पण कोपीला पत्ता नसतो. त्यामुळं नव्या फडावर उतरलं की त्याच दिवशी गावाचं नाव, शेतमालकाचं नाव, कारखान्याचं गट कार्यालय आणि जवळच्या आरोग्य केंद्राचं नाव लिहून कोपीच्या बांबूला बांधून ठेवावं. हे काम मुकादमानं प्रत्येक टोळीसाठी करावं, आणि कारखान्यानं आठवड्यातून एका संध्याकाळी, काम सुटल्यावर, तळावर बीपी-शुगरची तपासणी ठेवावी. दिवसा ठेवली तर खाड्याच्या भीतीनं कुणी येणार नाही. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, गावी परतल्यावर टीबीची नोंद पुन्हा आपल्या केंद्राकडे वर्ग करून घ्यायची, आणि शुगरच्या माणसानं तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी, सोबत डोळे, पाय आणि मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यायची. पेरणीची घाई सुरू होण्याआधी यासाठी वेळ मिळतो.