दौलताबाद : समुद्रापारच्या माणसांचा किल्ला

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे निघालं की पंधराएक किलोमीटरवर दौलताबादचा डोंगर समोर येतो. सुमारे 200 मीटर उंचीच्या या डोंगराची खालची बाजू सगळीकडून तासून उभा कडा केलेला आहे. पायथ्याशी कातळात खोदलेला खंदक आणि वर जायला अंधारीचा वळणावळणाचा भुयारी रस्ता. बाराव्या शतकाच्या अखेरीस भिल्लम यादवाने इथे देवगिरी वसवली. 1296 मध्ये अलाउद्दीन खिलजी तिच्यावर चालून आला, 1327 मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे हलवली आणि 1347 मध्ये बहमनी राज्याचा पहिला सुलतान इथेच गादीवर बसला.

समुद्र इथून अडीचशे किलोमीटरहून जास्त दूर आहे. तरीही अरबी समुद्र आणि त्याच्या पलीकडचा आफ्रिकेचा किनारा बाजूला ठेवून या किल्ल्याची गोष्ट पुरी होत नाही.

इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशाने ही दोन्ही टोकं स्वतः पाहिली होती. 1331 च्या सुमारास तो मोगादिशू आणि मोम्बासा करत आजच्या टांझानियातल्या किल्वा बेटावर पोहोचला. किल्वा हे स्वाहिली किनाऱ्यावरचं त्या काळचं श्रीमंत बंदर. दक्षिणेकडच्या सोफाल्याहून येणाऱ्या सोन्याचा व्यापार त्याच्या हातात होता. तिथल्या सुलतान हसनच्या दानशूरपणाचं बतूताने तोंडभरून कौतुक केलं आहे. याच सुलतानाने समुद्राकाठच्या कड्यावर प्रवाळाच्या दगडात बांधलेल्या हुसुनी कुबवा या राजवाड्याचे अवशेष आजही उभे आहेत. अष्टकोनी हौद हे त्याचं वैशिष्ट्य.

दहा-अकरा वर्षांनी बतूता दौलताबादला आला. तुघलकाने त्याला चीनला वकील म्हणून पाठवलं होतं आणि त्या वाटेवर हे शहर लागलं. इथले द्राक्षमळे आणि डाळिंबं, जवाहिऱ्यांचा व्यापार, गाणारणींचा बाजार, बालेकिल्ल्यावर चढायची आणि रात्री वर ओढून घेतली जाणारी चामड्याची शिडी, कैदखान्यातले मांजराहून मोठे उंदीर, हे सगळं त्याने लिहून ठेवलं. पुढे गुजरातच्या गंधार बंदरात तो ज्या जहाजावर चढला, त्यावर रक्षणाला पन्नास हबशी, म्हणजे आफ्रिकी वंशाचे, योद्धे होते. या समुद्रावर प्रवास सुखरूप व्हायचा तर हबशी सोबत हवेत, असा तेव्हाचा लौकिक होता.

किल्वा आणि दख्खन यांना जोडणारी खरी ताकद वाऱ्याची. हिवाळ्यात ईशान्येचे वारे वाहू लागले की आपल्या किनाऱ्यावरून गलबतं आफ्रिकेकडे सुटत आणि नैर्ऋत्येचे वारे सुरू झाले की परत फिरत. ही ये-जा फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक नाविकाच्या मार्गदर्शिकेत पूर्व आफ्रिकेचं ऱ्हाप्टा बंदर आहे, आणि दौलताबादच्या दक्षिणेला गोदाकाठी असलेलं पैठणही आहे. पैठणचे मौल्यवान दगड गाड्यांतून भडोचला जात, असं ती सांगते.

या नात्याचा जमिनीतून निघालेला पुरावा अगदी चिमुकला आहे : काचेचे मणी. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पुरातत्त्वज्ञांना असे मणी ढिगांनी सापडतात. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी रायगड जिल्ह्यातल्या चौल बंदरात उत्खनन केलं. तिथल्या मण्यांच्या काचेचं रासायनिक पृथक्करण झालं, तेव्हा तिची घडण आफ्रिकेतल्या एका मोठ्या मणीसमूहाशी जुळली. चौल हे पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचं महत्त्वाचं बंदर झालं, आणि 1499 पासून दौलताबादही निजामशाहीत होतं. घाटावरचा किल्ला आणि कोकणातलं बंदर एकाच राज्यात आले.

मालाबरोबर माणसंही आली, आणि त्यातली असंख्य माणसं स्वखुशीने आली नव्हती. सोळाव्या शतकाच्या मध्याला इथिओपियात जन्मलेला चापू नावाचा मुलगा गुलाम म्हणून तांबड्या समुद्रावरच्या मोखा बंदरात विकला गेला. बगदादच्या मालकाने त्याला शिकवलं, अंबर हे नाव दिलं. पुढे दख्खनमध्ये निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतलं. हा पेशवा स्वतःही पूर्वी गुलाम असलेला हबशीच होता. त्याच्या मृत्यूनंतर अंबर स्वतंत्र झाला.

1600 मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतलं, तेव्हा निजामशाही संपल्यातच जमा होती. मलिक अंबरने मुर्तजा निजामशाहाला परांड्यात गादीवर बसवलं. राजधानी आधी जुन्नरला आणि नंतर दौलताबादला आणली. किल्ल्याजवळच्या खडकी नावाच्या गावी त्याने 1610 मध्ये नवं शहर वसवलं. आजचं छत्रपती संभाजीनगर ते हेच. मराठा घोडदळाला हाताशी धरून त्याने गनिमी काव्याने मोगलांना जेरीस आणलं. 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे भोसले त्याच्या बाजूने लढले आणि शहाजीराजांचे भाऊ शरीफजी तिथे कामी आले. जहांगीर बादशहा अंबरवर इतका चिडला होता, की दरबारी चित्रकार अबुल हसन याने बादशहा अंबरच्या मस्तकावर बाण सोडतो आहे, असं काल्पनिक चित्र काढलं. प्रत्यक्षात अंबर कधीच बादशहाच्या हाती लागला नाही. 1626 मध्ये तो वारला. सात वर्षांनी, 1633 मध्ये, त्याचा मुलगा फतेहखान याने दौलताबाद मोगल सेनापती महाबतखानाच्या हवाली केलं.

आज पर्यटक इथे चांदमिनारपाशी थांबतात, मेंढा तोफेवर हात फिरवतात, चिनी महालाच्या निळ्या फरश्यांचे तुकडे पाहतात आणि दमून खाली उतरतात. त्यांनी आणखी तीन ठिकाणं जरूर पाहावीत. छत्रपती संभाजीनगर शहरातला भडकल दरवाजा अंबरनेच उभारला. नहर-ए-अंबरी ही त्याची पाणीयोजना, उत्तरेकडच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालून शहरात आणणारी. खुलताबादला जरजरी जर बक्ष दर्ग्याजवळ त्याची घुमटाची कबर आहे आणि पत्नी बीबी करीमाचीही जवळच आहे.

मराठवाड्यातल्या शाळांच्या सहली वर्षानुवर्षं दौलताबादला येतात. या मुलांना देवगिरी ते दिल्ली हा रस्ता दाखवला जातोच. त्याच्या जोडीला चौल, मोखा, मोगादिशू, मोम्बासा आणि किल्वा ही बंदरं आणि त्यांना जोडणारे वारे दाखवणारा दुसरा नकाशा हवा. छत्रपती संभाजीनगर हे शहर आफ्रिकेत जन्मलेल्या एका माणसाने वसवलं, हे त्यांना लहानपणीच कळायला हवं.