काळी काच आणि उन्हाचा ताप

सोलापुराहून हैदराबादेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५ नळदुर्ग ओलांडून ज्या जळकोटाशी येतो, त्या तुळजापूर तालुक्यातील गावी वैशाखातल्या दुपारी उघड्यावर उभ्या केलेल्या मोटारीचे दार उघडताना जो झोत अंगावर येतो, त्याचा अनुभव घेतलेल्या गृहस्थाने काचांना काळी फिल्म लावून घेण्याचा विचार करावा, हे स्वाभाविकच आहे. परंतु काच जितकी काळी तितकी गाडी थंड, हा जो समज सर्वत्र रूढ आहे, तो मात्र खरा नाही.

सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेचा निम्म्याहून किंचित अधिक भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो, सुमारे चार दशांश भाग दृश्य प्रकाशाचा आणि उरलेला अल्पसा अंश अतिनील किरणांचा. काळेपणा केवळ दृश्य प्रकाशाविषयी बोलतो. स्वस्त रंगीत फिल्म प्रकाश शोषते, स्वतः तापते, आणि त्या उष्णतेचा काही हिस्सा आतच सोडते. उलट चांगली सिरॅमिक फिल्म जवळजवळ पारदर्शक दिसूनही अवरक्त किरणांना पुष्कळ अडवते.

येथे दुकानातील प्रात्यक्षिकाने भुलून जाऊ नये. फिल्म लावलेल्या काचेच्या एका बाजूस तप्त दिवा आणि दुसऱ्या बाजूस गिऱ्हाइकाचा हात, अशी ती तजवीज असते. त्या दिव्याचे बहुतेक सर्व किरण अवरक्त असल्यामुळे फिल्मचा गुण उन्हात दिसेल त्याहून फार मोठा भासतो. पत्रकावर छापलेला ‘अवरक्त किरण ९० टक्के अडवते’ हा आकडाही पुष्कळदा त्या किरणांच्या एका मर्यादित पट्ट्यापुरता असतो. विचारावयाचा आकडा तो नव्हे. एकूण सौर ऊर्जेपैकी किती टक्के परत फिरते, ज्याला फिल्मवाले ‘टीएसईआर’ म्हणतात, तो विचारावा.

फिल्म लावली की मोबाइलची रेंज जाते, असेही छातीठोकपणे सांगितले जाते. धातूचा सलग थर असलेल्या फिल्मच्या बाबतीत या म्हणण्यात तथ्य आहे, कारण विद्युत्वाहक थर रेडिओ लहरी परावर्तित करतो, आणि जेथे मुळातच रेंज क्षीण आहे अशा शिवारात तेवढी घटही जाणवते. रंगीत, कार्बन वा सिरॅमिक फिल्ममध्ये असा सलग वाहक थर नसतो. सिरॅमिकचे अतिसूक्ष्म कण एकमेकांपासून अलग राहतात, म्हणून लहरी निर्वेध पार होतात. फास्टॅगचे वाचन ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झवर पुढच्या काचेतून होते. तेव्हा फुलवाडी किंवा तलमोडच्या टोल नाक्यावर खोळंबा नको असेल, तर निदान पुढच्या काचेला धातूमिश्रित फिल्म लावूच नये. काही गाड्यांचा अँटेना मागच्या काचेत छापलेला असतो, तेथेही हीच दक्षता घ्यावी.

आता कायदा. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी अविषेक गोएंका प्रकरणात काचांवर फिल्म चिकटविण्यास सरसकट मनाई केली, एवढेच लोकांच्या स्मरणात आहे. पुढे १ एप्रिल २०२१ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०० मध्ये ‘सेफ्टी ग्लेझिंग’ला, म्हणजे आतून प्लास्टिकचा थर असलेल्या काचेलाही, स्थान मिळाले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने नियमात बसणाऱ्या फिल्मला हरकत नसल्याचा निर्णय दिला. तो निर्णय महाराष्ट्रात मार्गदर्शक आहे, बंधनकारक नाही. म्हणून फिल्म लावणाऱ्याने रस्त्यावरील तपासणीची शक्यता गृहीत धरूनच निर्णय करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढच्या व मागच्या काचेतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून निदान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे, ही अट मात्र निर्विवाद आहे.

या अटीचा हिशेब एकट्या फिल्मचा नसून काच आणि फिल्म मिळून करावयाचा असतो, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. बाजूची मूळ काच ७५ टक्के प्रकाश आत सोडत असेल आणि तीवर ७० टक्क्यांची फिल्म बसविली, तर गुणाकाराने साडेबावन्न टक्के उरतात, म्हणजे नियम पाळला जातो. त्याच काचेवर ‘पन्नास चालते’ म्हणून ५० टक्क्यांची फिल्म लावली की साडेसदतीस उरतात आणि गाडी कारवाईस पात्र ठरते. म्हणून फिल्म बसविण्यापूर्वी दुकानातील प्रकाशमापकावर कोरी काच मोजून घ्यावी, आणि पावतीवर फिल्मचे नाव, प्रकाशाची टक्केवारी व भारतीय मानकाचा क्रमांक लिहून घेऊन ती गाडीच्या कागदपत्रांत ठेवावी.